तीन उभ्या, एक आडवी

गाडीच्या रिलेला चार पिना असत्यात. काड्याच्या पेटीएवढा काळा डबा, नि बुडाला चार पितळी पिना. तीन उभ्या, एक आडवी. झोपंतनं उठवून इचारलं तरी सांगंन. खरं हे शिकाय मला चाळिशी गाठावी लागली, नि शिकलो ते बी अर्धंच. त्या अर्ध्या शिकण्याचं फळ मालकांनी भोगलं. मालक म्हंजे आमचं घरधनी. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, मालकच म्हणत्यात.

माझं माहेर गारगोटीच्या अंगाला, डोंगराकडं. शाळेत दोन वर्सं गेलो नि तिसऱ्या वर्साला धाकटी भावंडं संबाळाय घरात बसलो. मराठी आकडं थोडं वळखायचो. इंग्रजीतलं काय बी यायचं न्हाय. लगीन करून कोल्हापुरात आलो तवा मालक एका मोठ्या मिस्त्रीच्या हाताखाली गाड्यांचं वायरिंग करत हुतं. म्होरं त्येंनी सोताचं पत्र्याचं खोकं टाकलं. गारगोटीच्या वडापाच्या जीपा जितं उभारायच्या, त्या थांब्याच्या कडंलाच.

तवा वडाप, म्हंजे जीपंत शिटा भरून न्यायचा धंदा, जोरात हुतं. एष्टी तासाला एक, जीपा धा-धा मिन्टाला. नऊ जणांच्या जीपंत अठरा कोंबायची. "सरका की पावणं, अजून दोन बसत्यात," म्हणून डायवर ओरडायचा, नि बसायची बी दोन. आमच्या कोल्हापूरच्या गड्यास्नी गाडी नुसती पळून भागत न्हाय. ती दिसाय पायजे, वाजाय पायजे. बंपरवर धुक्यातलं पिवळं दिवं, आत टेप, देवाच्या फोटूला हिरवा बल्ब, गाडी मागं घेताना गाणं म्हणणारा हॉर्न. कंपनीनं दोन दिवं दिलं तर आमच्याकडं सा पायजेत. हे सगळं जादाचं बसवायचं, त्येंची बटनं नि रिले जोडायचं काम मालकांचं. बिद्रीकडनं ऊसाचं ट्रॅक्टरवालं बी यायचं. मालकांनी जोडल्याला दिवा पुन्हा बघाय लागत न्हाय, असं लोक म्हणायचं. मी हे माझ्या कानानं ऐकलंय.

मी खोक्यावर डबा घेऊन जायचो, तवा मालक काम करताना बघत बसायचो. एकदा इचारलं, "अवो, बटन हाय, दिवा हाय. मग मधी ह्यो काळा डबा कशाला?"

मालक म्हणालं, "सासू-सून ठावं हाय का तुला?"

"ठावं नसाय काय झालं? भोगलीया की."

"मग बटन म्हंजे सासू. जाग्यावर बसून नुसती म्हणती, पाणी आण. तिची वायर बारीक, अंगात जोर न्हाय. रिले म्हंजे सून. हुकूम आला की टिक करून उठती, बॅटरीकडनं जाड वायरीनं घागर उचलती नि दिव्याला न्हेऊन देती. आता सांग, घागर सासूच्याच डोक्यावर दिली तर काय हुईल?"

"मोडंल की म्हातारी."

"मोडत न्हाय. पेटती."

नि दोघं बी हसलो. माझी सासू तवा जित्ती हुती, म्हणून जरा जास्तच हसलो.

मग मालकास्नी साखर निघाली. पयल्यांदा कायच वाटलं न्हाय. गोळ्या घ्यायचं, विसरायचं, वडाप्यांच्या संगट गोड चहा प्यायचं. वर्साभरानं म्हणालं, ही लाल वायर कुठली नि हिरवी कुठली ते जरा सांग गं. मला वाटलं उन्हातनं आल्यात, डोळं दिपलं असतील. डाक्टरनं बघितलं, डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलंय म्हणाला. दोनदा मशिनीखाली बसवलं. कायबी झालं न्हाय. आधी रंग गेलं, मग माणसांची तोंडं गेली, शेवटी नुसतं दार उघडलंय का झाकलंय एवढंच कळाय लागलं.

ज्या दिवशी डाक्टरनं हात टेकलं, त्या दिवशी घरात येऊन मालक म्हणालं, "कुणाला सांगायचं न्हाय."

मी म्हणलो, "किती दिवस लपणार हे?"

"जितकं दिवस लपंल तितकं. ज्या दिवशी कळंल, त्या दिवशी मी मिस्त्री न्हाय. नुसतं भिताडाला बसवल्यालं म्हातारं."

मालकांचं वय तवा पन्नास बी न्हवतं. मला समजलं त्येंचं म्हणणं. पोट काय, कसं बी भरलं असतं, मी चार घरची भांडी घासली असती. खरं मिस्त्री ही हाक गेली असती तर मालक आतनं संपलं असतं. ते जपायचं म्हणून मी ह्या कामात शिरलो. कमवाय न्हाय.

शिकवायची त्येंची रीत अशी. माझी बोटं धरून रिलेच्या पिनांवर फिरवली. म्हणालं, "आडवी पिन वरच्या अंगाला धर. आता जेवणाचं ताट म्होरं हाय असं समज. वर मीठ. ती आडवी, ती दिव्याची. डाव्या अंगाला चटणी, ती बटनाची. उजव्या अंगाला भाजी, ती गाडीच्या पत्र्याला जोडायची. नि तुझ्या म्होरं भाकरी. जोर भाकरीत असतोय, म्हणून ती बॅटरीची. जाड वायर."

ताट वाढाय मला कुणी शिकवाय नको हुतं. एका दुपारात आलं.

मी इचारलं, "ह्यावर बारीक आकडं कोरल्यात, ते काय?"

"भाकरीला तीस, भाजीला पंच्याऐंशी, चटणीला श्याऐंशी, मिठाला सत्त्याऐंशी. इंग्रजीत हाय. तुला काय करायचं? जागा कधी बदलत न्हाईत."

आमची पोरगी शिकल्याली हुती, तिला ते आकडं आलं असतं. खरं तिचं लगीन होऊन ती पेठ वडगावला गेलती. ती असती तर, असं मी पुष्कळदा मनात म्हणलोय. तिच्या संसारात असल्या गोष्टी घालून काय उपेग न्हाय.

मग आमची रीत बसली. दुपारी घरात, चुलीम्होरं बसून मी रिलेचं जोड तयार करायचो. चार वायरी, चार टोकं, वर काळी टेप. मालक जवळ बसून हातानं चाचपायचं. दुसऱ्या दिवशी खोक्यात मालक काळा चष्मा घालून, हातात टेस्टर धरून स्टुलावर बसायचं, नि मी पदर खोचून जीपंत शिरायचो. लोकास्नी वाटायचं, डोक्याचं काम मिस्त्री घरात करत्यात नि बायको नुसती वायरी ओढती. मी मोठ्यानं बोलायचो, "जाड वायर बॅटरीला लावली बगा. बटनाची बारीक हितनं घेतली बगा." डायवर म्हणायचं, "मावशी लई बडबडत्यात." ती बडबड मालकांच्यासाठी हुती.

"मामा, नुसतं बसून पगार घेताय की ओ," एखादा चेष्टा करायचा.

"मिस्त्री झालोय रं. हेल्पर घरातनंच आणलाय," मालक म्हणायचं, नि सगळं हसायचं.

सगळ्यात शेवटी मालकांचं एक काम ऱ्हायचं. बटन दाबलं की रिले आतनं टिक वाजतोय. लोहचुंबक पट्टी वढतंय, त्येचा आवाज. मालक मान कलती करून तो आवाज ऐकायचं. दिवा लागला म्हणून त्येंनी कधी गाडी सोडली न्हाय. टिक ऐकली की मान हलवायचं, मग गाडी जायाची. तेवढं एकच काम त्येंचं सोताचं ऱ्हायलं हुतं. तीन वर्सं असं चाललं. तीन वर्सात एक बी गाडी परत आली न्हाय.

एका थंडीत गारगोटीच्या वडापाचा एक डायवर आला. तिशीतला गडी, तोंडानं फटकळ, मनानं चांगला. मला बहिणीगत मानायचा खरं मावशी म्हणायचा. म्हणाला, "मावशी, नदीच्या कडंला सकाळचं धुकं असं पडतंय, सोताचा बंपर दिसत न्हाय. दोन पिवळं दिवं टाका, चांगल्या ताकदीचं."

जुनं रिले संपलं हुतं. बाजारातनं नवीन आणलं. पुडकं निराळं हुतं, खरं डबा तसाच, काळा, तीन उभ्या एक आडवी. मी दुपारी बसून जोड केला. मीठ, चटणी, भाजी, भाकरी. त्या दिवशी मालकास्नी अंगात कसर हुती, ते पडून हुतं. त्येंनी चाचपलं न्हाय. चाचपलं असतं तरी काय, आकडं बोटाला लागत न्हाईत इतकं बारीक.

दुसऱ्या दिवशी जीपंत बसवला. थांब्यावर बाजारची गर्दी, गाड्यांचं इंजान चालू, हॉर्न, कालवा. सगळं जोडून झालं नि मी बटन दाबलं. दिवं लखाकलं. डायवर म्हणाला, "एक नंबर!"

मालक स्टुलावरनं म्हणालं, "थांब. टिक न्हाय आली."

मी म्हणलो, "आली की. कालव्यात ऐकाय आली नसंल."

"परत दाब."

परत दाबलं. दिवा लागला. बंद केलं, बंद झाला. मालकांनी मान हलवली न्हाय. "न्हाय येत. रिले काढ, बघू."

डायवर तेवढ्यात गाडीत बसलाता, त्येचा नंबर लागलाता, माणसं चढत हुती. तो हसून म्हणाला, "मामा, दिवा लागतोय की ओ! टिक काय भाकरीसंगं खायाचीया?" बाकीचं बी हसलं.

मला त्या दिवशी अजून दोन गाड्या करायच्या हुत्या. पाठ भरून आलती. जीपंखाली निजून निजून मान धरलती. मी मालकांच्या जवळ गेलो नि कानापशी, कुणाला ऐकाय जाऊ ने असं म्हणलो, "डोळ्यासंगट कान बी गेलं काय तुमचं?"

मालकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. दिसत न्हवतं काय बी, तरी पुसला. गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या टायमाला ती जीप गारगोटीकडनं येत हुती. नदीकाठाला धुकं हुतं. तासभर दिवं चालू. बिद्रीच्या अलीकडं डायवरच्या गुडघ्यापशी धूर आला. बटनाची बारीक वायर जळून तिनं आजूबाजूच्या वायरी बी धरल्या, नि गाडीचं हुतं नव्हतं ते सगळं दिवं गेलं. त्येनं एका हातानं चाक धरलं नि दुसरा हात खाली घालून जळत्याली वायर वढून काढली. तांब्याची लाल झाल्याली तार मुठीत आली. म्होरं ऊसाची बैलगाडी दिसली, त्येनं गाडी डावीकडं घातली, ती चरीत गेली. एका भाजीवाल्या बाईची मांडी मोडली. बाकीच्यास्नी मुका मार. कुणी मेलं न्हाय. खरं मरायला लागत हुतं किती, वीतभर.

आमच्यापातूर बातमी आली तवा आमास्नी वाटलं, गाडी जुनी हाय, काय तरी झालं असंल. मालक तेवढं टेस्टर हातात फिरवत हुतं. "तिचं दिवं आपुन टाकलं न्हाईत का?" एवढंच म्हणालं.

आठ-धा दिवसांनी तो डायवर खोक्यावर आला. हाताला बोचकं बांधल्यालं. संगट तीन-चार वडाप्ये. त्येनं जळल्याला वायरींचा गुंता मालकांच्या मांडीवर ठेवला. "बगा मामा, तुमचं काम."

मालकांनी गुंता हातात घेतला. बोटं फिरवली. जाड वायर धड हुती. बारीक वायर वितळून तिची नुसती तार ऱ्हायलती. मालकांचा चेहरा बदलल्याला मी बघितला. सासूच्या डोक्यावर घागर गेलती.

"फ्यूज?"

"फ्यूज हाय तसा हाय. गेला असता तर माझा हात ऱ्हायला असता की."

मालकांनी रिले उपसला, आडवी पिन वर धरली, नि खालच्या पिनंवर बोट ठेवून इचारलं, "हितं काय लिवलंय रं?"

एकजण वाकून म्हणाला, "श्याऐंशी."

"नि ह्या डाव्या अंगाला?"

"तीस. का ओ?"

मालकास्नी उमगलं, नि मला बी. कुठल्या कारखान्यानं केलाय देव जाणं, खरं ह्या डब्यात दोन जागा उलट्या हुत्या. भाकरीच्या जागंला चटणी, चटणीच्या जागंला भाकरी. मी बॅटरीची जाड वायर जोडली तवाच रिले टिक करून वढला गेलाता, तो तीन दिवस तसाच वढून धरल्याला. म्हणून बटन दाबल्यावर टिक आली न्हाय. यायचीच न्हवती. दिव्याचा सगळा भार बटनाच्या बारीक वायरीवर, नि फ्यूज जाड वायरीवर, म्हणून तो बी गेला न्हाय. मालकांनी ऐकलं ते बरूबर ऐकलंतं.

मी तोंड उघडलं. "अरं, तो जोड मी..."

मालकांनी माझं मनगाट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली. "तू जा, चहा सांग ह्यास्नी."

मी उभारलोच.

"जा म्हणतो न्हवं!"

चहाचा गाडा वीस पावलांवर हुता. मी गेलो. जाताना पाठीमागं मालकांचा आवाज ऐकाय येत हुता. "जोड मी केलाता. मला दिसत न्हाय. तीन वर्सं झाली. तुमास्नी फसवलं मी. तिचा काय संबंध न्हाय, मी सांगंन ती वायर ती नुसती वढती."

मी मागं वळून बघितलं. मग एकानं मालकांच्या डोळ्याम्होरं हात हलवून बघितला. चष्मा मालकांनी सोताच काढून ठेवलाता. पापणी हलली न्हाय.

"आयला," तो म्हणाला, "आंधळ्याकडनं वायरिंग करून घेत हुतो व्हय आमी!"

हात बांधल्याला डायवर तेवढा हळू बोलला. "सांगायचं हुतं की ओ मामा. अठरा माणसं हुती माझ्या गाडीत."

चहा घेऊन आलो तवा कप कुणी घेतलं न्हाईत. मालक दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलतं, शाळंत उभं केल्याल्या पोरागत मान खाली. मला तवा बी बोलता आलं असतं. चार माणसं हुती, तिथंच हुती. मी कप परत गाड्यावर ठेवून आलो.

घरात आल्यावर म्हणलो, "का सांगितलंसा तसं?"

मालक म्हणालं, "माझं नाव आज न्हाय उद्या जाणारच हुतं. तुझं हात तरी ऱ्हाऊ देत. खोकं तुला चालवायचंय."

"चूक माझी. त्या दिवशी मी तुमास्नी बोललो ते..."

"जागा बदलत न्हाईत, असं सांगणारा कोण? मीच न्हवं? आकडं शिकवायचं सोडून ताट शिकवलं तुला. बस आता. तो विषय काढू नगं."

तो विषय त्येंनी मला शेवटपातूर काढू दिला न्हाय.

चार दिवसांनी मला म्हणालं, परातीत पीठ पसर. पसरलं. माझं बोट धरून त्येंनी पिठात आकडा काढला. हा तीन. हे शून्य. हा आठ. मग पाच, सा, सात. मी काढायचो नि मालक त्या रेघंवरनं बोट फिरवून बघायचं, बरूबर हाय का. आठाची गाठ मला जमंना, धा-धा वेळा मोडलं. ते परत पीठ सारखं करायचं. तेवढं सा आकडं मला आलं. एक, दोन, चार, नऊ इंग्रजीत अजून येत न्हाईत. रिलेला ते लागत न्हाईत.

मालक मात्र खोक्यावर परत आलं न्हाईत. एकदा आणलं मी हाताला धरून. थांब्यावरची माणसं बोलायची थांबली. कुणी "या मिस्त्री" म्हणलं न्हाय. घटकाभर बसलं नि म्हणालं, "घरला सोड मला."

मला वाटलं आता खोकं बंद. एक महिना कोण फिरकलं न्हाय. मग हळूहळू जीपा याय लागल्या. नि काय म्हणायचं, ठावं हाय? "मावशी, तुमी करा. तुमचा हात चांगला हाय. खरं मामास्नी तेवढं हात लावू देऊ नगा." मी व्हय म्हणायचो. धुक्यातलं दिवं, हॉर्न, म्होरं म्होरं तर काचा वर-खाली करायच्या मोटारी, दाराचं कुलूप, सगळं शिकलो. पुडक्यावरचं, पिनांवरचं आकडं वाचल्याबिगार एक वायर जोडली न्हाय. दोन हजार सालानंतर लहान मोटारी वाढल्या, तवा शिकल्याली माणसं माझ्याकडं यायची, बाईमाणूस काम करती म्हणून कवतिक करायची. माझं नाव झालं. मालकांनी ते माझ्या हातात दिलंतं, नि मी ते वापरत हुतो.

एकदा एकजण जीप घराम्होरंच घेऊन आला. काम झाल्यावर मी मालकास्नी म्हणलो, "जरा ऐका की. टिक येती का बगा."

मालक वट्यावर बसलतं. म्हणालं, "मला न्हाय आता ऐकाय येत."

येत हुतं. गल्लीत रिक्षा शिरली तर ती कुणाची, ते सांगायचं. रात्री उंदीर कुठल्या फळीवर हाय ते सांगायचं. मी परत कधी म्हणलो न्हाय.

तसं सात-आठ वर्सं गेली. मग पायाला जखम झाली, ती भरली न्हाय, पाय काढला. नंतर मूत्रपिंडं गेली. शेवटाला मालक लई बोलायचं न्हाईत. मी भाकरी कुस्करून भरवायचो. एकदा माझं हात चाचपलं नि म्हणालं, "घट्टं पडलं की गं," नि बराच येळ ते घट्टंच दाबत बसलं. त्या आठवड्यात गेलं.

तेराव्याला वडाप्ये आलं. जुनं सगळं. तवा वडाप कमी झालंतं, कोण शेतात गेलाता, कोण दूध संकलनावर. तो डायवर बी आला. त्येच्या हाताची दोन बोटं आखडल्याली, मूठ सरळ हुत न्हाय. गाडी त्येनं कवाच सोडल्याली. जेवणं झाल्यावर वट्यावर बसून चार माणसांत म्हणाला, "मामा सोन्यासारखा माणूस. एक चूक झाली त्येंच्या हातनं. ती बी मी कधी मनात धरली न्हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या.

मी दारात उभारलो हुतो. मी म्हणलो, "चूक त्येंची न्हवती. तो जोड मी केलाता. आकडं वाचाय येत न्हवतं मला. टिक येत न्हाय म्हणून ते सांगत हुतं नि मीच त्येंचं तोंड बंद केलं. तुझा हात माझ्यामुळं गेला."

त्यातला एक म्हातारा गडी म्हणाला, "वयनी, हुईल हो. गेलेल्या माणसाचं वझं असं आपल्या डोक्यावर घेऊ ने."

"घेत न्हाय. माझंच हाय ते."

"मावशी," डायवर म्हणाला, नि त्येच्या डोळ्यात पाणी आलंतं, "कशाला झाकताय आता त्येंचं? मामांनी सोताच्या तोंडानं सांगितलंय आमास्नी. मी हुतो न्हवं तितं."

मी परत सांगितलं. ताटाचं सांगितलं, नव्या पुडक्याचं सांगितलं, उलट्या जागांचं सांगितलं. ते ऐकत हुतं, खरं माझ्याकडं बघत हुतं ते दुःखात बडबडणाऱ्या बाईकडं बघत्यात तसं. कोण तरी मागनं म्हणालं, "बाई असावी तर अशी. नवऱ्याला मातीत गेल्यावर बी संबाळती." माझी पोरगी येऊन मला आत घेऊन जाया लागली.

जाताना डायवर वाकला. त्येनं माझ्या पायाला हात लावला. ती दोन बोटं आखडल्यालीच पायाला लागली.

मी सुखी ऱ्हा म्हणलो. दुसरं काय म्हणणार.